बॉनेटखालचा रंग

रंगाच्या दुकानातली रांग काही केल्या हलेना. वार्निश घ्यायला आलेला सुतार पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं नाइलाजाने ऐकत उभा होता.

"अहो, पुन्हा तोच करडा रंग? इंजिन बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलंय."

"रंगाला ओघळ आलेत. घासून परत मारावा लागेल."

"एवढ्या जुन्यापुराण्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघणार कोण?"

"तुझा लेक बघेल. गाडी त्यालाच द्यायची आहे ना!"

"तो तर म्हणाला, झकास झालंय. येत्या रविवारी इंजिन बसवू आणि लगेच गाडी घेऊन जातो."

"म्हणू दे."

"दर रविवारी येऊन राबतो हो बिचारा."

"गाडी दुरुस्तीला उघडण्याआधी कधी आला होता, आठवतंय?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला काका, काय देऊ?"

"करडा रंग, एक लिटर."

"दोन द्या," बाई म्हणाली. "आणि घासायला पॉलिश पेपर. बॅटरीखालीसुद्धा पोपडे आलेत."

"कुठे? मला नाही दिसले."

"येतील रविवारपर्यंत."