भरल्या पोटाचे उंदीर

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आमच्या संस्थेचे संचालक साहेब, आज ज्यांना निरोप देताना आम्हाला जड जातंय त्या आमच्या बाई, प्रयोगशाळेतले माझे सोबती, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे इथे आलेले नातेवाईक, आणि मागच्या रांगेतून मला ‘हळू बोल’ अशा खुणा करणारी माझी आई, सर्वांना नमस्कार.

मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. संचालक साहेब म्हणाले, तुझा आवाज खणखणीत आहे. इतकी वर्षं बैठकांमध्ये बोलत होते तेव्हा तो कुणाला ऐकू आला नाही. असो. आज दखल घेतली गेली, आभारी आहे.

पहिले दोन परिच्छेद आनंदाने वाचते. बाईंची शिस्त, बाईंची साधी राहणी, शिकवण्याची हातोटी, सगळं शंभर टक्के खरं. तिसऱ्या परिच्छेदात मात्र छापलं आहे की बाईंनी स्मृतिभ्रंशावर औषध शोधून काढलं. इथे मी अडते.

मघाशी प्रमुख पाहुणे म्हणाले, मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर नावाची कुलपं असतात आणि बाईंना त्यांची किल्ली सापडली. पाहुण्यांचा मान राखून सांगते, कुलूप-किल्लीचं हे उदाहरण ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. कुलूप एका दाराला असतं. रिसेप्टरचं तसं नाही. एकाच जातीचा रिसेप्टर मेंदूत दहा ठिकाणी दहा कामं करतो. आम्ही ज्याच्या मागे होतो तो आठवणी साठवणाऱ्या भागात आहे, आणि भूक जागवणाऱ्या भागातही आहे. आता तुम्हीच सांगा, औषध कुठल्या दाराशी जाऊन थांबलं, हे बाहेरून कसं कळायचं?

आमचं तिथेच फसलं. चक्रव्यूहासारख्या वाटांच्या पेटीत उंदीर सोडायचा, एका कोपऱ्यात दाणे ठेवायचे, आणि त्याला वाट आठवते का ते बघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. औषध दिलेले म्हातारे उंदीर सुसाट त्या कोपऱ्यात पोहोचले. आम्ही टाळ्या पिटल्या. प्रसिद्धी विभागाने बातमी दिली. आमच्या घरी तर आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं की पोरगी मेंदूचं औषध करते. घरातली पहिली पदवीधर. तिने काहीही केलं तरी ते औषधच.

एकट्या बाई पेटीतल्या उंदराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “त्याला वाट आठवली की नुसती भूक लागली, हे कुणी विचारलंय का त्या बिचाऱ्याला?”

त्यांनी उंदरांना पोटभर खाऊ घातलं आणि पाण्याच्या हौदात सोडलं. तिथे दाणे नाहीत. पाण्याखाली दडलेला एक ओटा आठवून शोधायचा. औषध घेतलेले आणि न घेतलेले, सगळे सारखेच गोंधळले. औषधाने आठवण परत आणली नव्हती, भूक वाढवली होती.

आपल्याच हाताने आपलं यश खोडायला काय लागतं, हे त्या दिवशी मी पाहिलं. खरं तर आजचा सत्कार त्यासाठी व्हायला हवा. पण पहिली बातमी गावभर झाली आणि दुसरी आमच्या खोलीच्या बाहेर पडली नाही. बाईंनी संस्थेला दोनदा कळवलं. उत्तर आलं की योग्य वेळी बघू. ती योग्य वेळ कोणाच्या पत्रिकेत आहे, देव जाणे.

आज सकाळी मी संचालक साहेबांना म्हटलं, तेवढं वाक्य काढा. ते म्हणाले, “अगं, आनंदाच्या दिवशी दुधात मिठाचा खडा कशाला टाकतेस?” मला ते पटलंही होतं. म्हटलं, जाऊ दे, एका वाक्याने कुणाचं काय बिघडतं?

मग दारात मला छत्रीवाले काका भेटले. रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठकीला ते कधी चुकत नाहीत, आणि कडक उन्हातही छत्री सोडत नाहीत, म्हणून हे नाव. काकूंना आता आरशातली स्वतःची ओळख पटत नाही. कुणी पाहुणी आली असं समजून त्या तिला ‘बसा ना’ म्हणतात, आणि ती बसत नाही म्हणून रुसतात. काकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “बाळ, निमंत्रणात वाचलं, नवीन औषध निघालंय. जुन्या गोळीने हिच्या पोटाला त्रास होतो, म्हणून मागच्या आठवड्यापासून बंदच केली मी. नवीन कधीपासून द्यायचं?”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत बोलावणं आलं.

मी बाईंकडे गेले आणि विचारलं, काय करू? त्या पुष्पगुच्छाची चिकटपट्टी सोडवत होत्या. वरही न बघता म्हणाल्या, “माझ्याबद्दल काय वाटेल ते बोल. उंदरांबद्दल खरं बोल.”

तर काका, मघाशी दारात द्यायचं उत्तर इथून देते. नवीन औषध नाही. येत्या वर्षातही नाही. भुकेला न चाळवता फक्त आठवणीच्या भागावर काम करील असं काही मिळतं का, हा शोध बाईंनी सुरू केलाय. तो आम्ही सोडणार नाही, पण त्यातून काय निघेल हे आज कुणीही सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो व्यासपीठावर का बसलेला असेना. जुनी गोळी आजार बरा करत नाही, थोडा आधार देते. तो आधार निमंत्रणातल्या आमच्या एका वाक्यापायी गेला. आता ती आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. काकूंचे डॉक्टर पहिल्याच रांगेत बसले आहेत.

अध्यक्ष महोदय, आपण बोलू दिलंत, संचालक साहेब, आपण अजून माईक बंद केला नाहीत, आणि बाई, आपण मला शंका घ्यायला शिकवलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे जीभ घसरली असेल, मोठ्यांचा मान कमी पडला असेल, तर लहान समजून पोटात घाला. तिसरा परिच्छेद मात्र चुकून राहिला असं कृपया कुणी समजू नये.

काका, तिथेच थांबा. मी खाली येते आणि तुम्हाला डॉक्टरांकडे नेते.