पूजेच्या दिवशीचं स्नॅपशॉट

नाही मॅडम, मशीन बंद पडलं नव्हतं — असं लिहू नका, खोटं होईल ते — मशीन चालू झालं, छान चालू झालं, राग त्याचाच तर आहे! बंद पडलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. अय्यो, तुम्ही पुण्याहून चौकशीला आलात म्हणून मराठीतनं तरी बोलतोय, बाकी सगळ्यांना कन्नडातनं सांगून सांगून तोंड दुखलं माझं. नागोजीराव, सिस्टिम ॲडमिन, चोवीस वर्षं याच डोळ्यांच्या हॉस्पिटलात — लिहिलंत? लिहा. चार वाजता तुमचा रिपोर्ट वर जाणार, आणि माझी ज्युनियर सुप्रीता राहणार की जाणार ते त्यावरनं ठरणार, मला ठाऊक आहे. सोमवारपासून घरी बसवलीय तिला. तर मी स्पष्ट बोलतो, मला आडपडदा जमत नाही.

तुम्हाला हे सगळं येतं हो, पण वरच्या लोकांना कळेल असं लिहा — सर्व्हर एकच, त्याच्या पोटात नऊ मशिनं, लोखंडाची नव्हेत, सॉफ्टवेअरची. ती चालवणारा हायपरव्हायझर जुना झाला, नवा घेतला, नव्या सर्व्हरसकट. म्हणजे घर बदलायचं, सामान तेच. रविवारी आठ मशिनं मुकाट्यानं आली. नववं, पेशंटांच्या नोंदीचं — निळी स्क्रीन! परत लावा, परत निळी! दोन तास मी एकट्यानं डोकं आपटलं त्यावर, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग ही सुप्रीता मागनं हळूच म्हणते, सर, नव्या ठिकाणचा डिस्कचा ड्रायव्हर आत नाहीये, म्हणून त्याला स्वतःची डिस्कच दिसत नाहीये. डिस्क साध्या पद्धतीनं जोडली, मशीन उठवलं, ड्रायव्हर घातला, परत उठवलं. वीस मिनिटं. चार लोकांसमोर! ते लिहायची काही गरज नाही तुम्हाला.

सोमवारी सकाळी ओपीडीत रांग. सरगूरचे, पिरियापट्टणचे, पहाटेची बस धरून आलेले. कृष्णराजनगरच्या गिरिजाबाई — जूनमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यासाठी आल्या होत्या — कंप्युटर म्हणतो, अशी पेशंटच नाही! म्हातारी काऊंटरवर हात आपटून विचारते, मग मी कोण, भूत? सगळा हॉल बघतोय. मशीन अगदी ठणठणीत, पण शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षं गायब! आणि कॉपी कुणी केली होती? सुप्रीतानं. लॉगिन कुणाचं? तिचंच. मग वर मी दुसरं काय सांगणार? विचारलं, मी नाव घेतलं. खोटं बोललो का? नाही बोललो.

काय? स्नॅपशॉट? हां — येणारच तुम्ही तिथं. होतं एक, तीन वर्षांपूर्वीचं. अहो, आमच्याकडं आयुधपूजेला सर्व्हरपण बंद करतात, तुमच्या पुण्यात करत असतील नसतील — हळद-कुंकू, झेंडूची माळ, दारात कोहळा फोडायचा, मशिनाला एक दिवस विश्रांती. आता चोवीस तास चालणारं मशीन बंद केलं आणि परत उठलंच नाही तर? म्हणून पूजेआधी स्नॅपशॉट घ्यायचं, म्हणजे डिस्क त्या क्षणाला होती तशी राखून ठेवायची, ही आमची पद्धत — म्हणजे माझी पद्धत. दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी काय असतं म्हैसूरला? जंबूसवारी! दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, रस्ते बंद, कोण येतंय ऑफिसात? मग राहिलं. राहिलं ते राहिलं. तिथनं पुढं मूळ फाइल जागच्या जागी गोठली आणि नवीन सगळं बाजूच्या फाइलीत साठत गेलं. तीन वर्षं. मी रोज पुढ्यात बसून चहा पितोय, आणि मला पत्ता नाही.

तिला होता. हो, तिला दिसलं होतं! शुक्रवारीच आली विचारायला — सर, हे जुनं स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळून घेते, मग हलवू या. तेही सगळ्यांच्या देखत. मला आली तिडीक. पोरगी परवा आली आणि माझ्या सर्व्हरची झाडाझडती घेते? म्हटलं, सुम्ने, गप्प बस, ते पूजेचं आहे, त्याला हात लावायचा नाही. मूळ मोठी फाइल तेवढी उचल, बाजूचं राहू दे. ती म्हणाली, सर, नक्की? मी म्हटलं, तू इथं शिकायला आलीयस का शिकवायला?

आणि परत आणलं कुणी? नोडी, बघा मॅडम, तेही विचारा ना! जुना सर्व्हर पुसायचा बाकी होता, तिनंच सोमवारी दिवसभर बसून दोन्ही फाइली जोडल्या, संध्याकाळपर्यंत गिरिजाबाईंची नोंद समोर. जेवली नाही की एक शब्द माझ्याविरुद्ध बोलली नाही. पाच वाजता तिला वर बोलावलं आणि घरी पाठवलं, आणि मी — मी त्याच खोलीत होतो. खिडकीतनं पार्किंग बघत होतो.

का थांबलात? बोटं का थांबली? असं बघू नका माझ्याकडं, वयानं मोठा आहे मी तुमच्यापेक्षा! लिहा. नागोजीरावनं सांगितलं, हात लावू नको — त्याच शब्दांत लिहा. गैरसमज झाला, संवाद कमी पडला, असलं गुळगुळीत काही घालू नका, मला तुमची दया नको. आणि तिला फोन तुम्ही करायचा नाही, मी करणार आहे. काय बोलणार ते मला माहीत नाही. साकु, पुरे झालं. चार वाजायला आले, उठा, घेऊन जा तो रिपोर्ट — जा म्हणतोय ना!