तो वास माझ्या डोळ्यांना कळतो

आमचं मूळ कुडाळकडचं. शाळा म्हणाल तर दुसरी, तीपण अर्धी. मामानं मुंबईला आणलं आणि चिकटवलं एका डॉक्टरकीच्या कॉलेजात, नावाला शिपाई, पण काम काय तर मढी सांभाळायची, पोरं शिकायला फाडतात ना, ती. हौदात फॉर्मालीन भरायचं, मढं सडू नये म्हणून असतं ते औषध, त्यात बुडवायचं, काढायचं, पुसायचं. तीस वर्षं केलं. हातमोजे द्यायचे, मी घालायचो नाही, मिजास, दुसरं काय. आता काय सांगू तुम्हाला, त्यात नाक गेलं माझं. शेजारी सुरमई तळली तरी मला पत्ता नाही. पण त्या औषधाला नाक लागतच नाही, ते डोळ्यात घुसतं, घशात जाऊन बसतं.

तर सांगत होतो बायकोचं. केस कुरळे, कमरेपर्यंत, आणि त्यांची निगा म्हणजे देवपूजाच. शनिवारी तेल, रविवारी शिकेकाई, ओल्या केसाला फणी नाही म्हणजे नाही, गुंता बोटांनी सोडवायची, पाणी जुन्या लुगड्यात टिपायची, खसाखसा पुसायची नाही. मी कामावरून आलो की दारातच अडवायची, आदी आंघोळ करा, मगे आत येवा. माझे कपडे वेगळ्या बादलीत. गेली तेव्हासुद्धा वेणी मनगटाएवढी होती हो.

ते केस उतरले नातीवर, सायलीवर. आणि या बयेनं काय करावं, गेल्या वर्षी पार्लरात जाऊन सरळ करून आली. म्हणे तीन दिवस धुवायचे नाहीत. जेवायला बाजूला बसली तर माझ्या डोळ्यांतून पाणी, मला वाटलं म्हातारपण. वर मीच म्हणालो, झकास दिसतेस. थू माझ्या तोंडावर! वर रोज ती केसांवर फिरवायची गरम इस्त्री. सहा महिन्यांत टोकं झाली केरसुणीसारखी, मोरीत नुसते तुकडे.

मग साखरपुडा ठरला. ही म्हणते पुन्हा एकदा करून घेते. मी म्हटलं मी येतो सोबत, बघू दे काय करतात. इथलंच, मुलुंडमधलं पार्लर, एसी, दारं घट्ट बंद. हिचा नंबर यायचा होता. शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या केसाला पार्लरातल्या पोरीनं काहीतरी चोपडलं आणि वरून गरम इस्त्री ओढली. चर्र झालं, धूर उठला, आणि माझे डोळे असे जळले म्हणून सांगू! तीस वर्षांचा हौद समोर उभा राहिला. शिसारी आली, शिसारी.

उठलो नि ओरडलो, अगो, ह्यात आम्ही मढी बुडवायचो! ती पोरगी म्हणते आजोबा, बाटलीवर लिहिलंय ना, तसलं काही नाही यात. मी म्हटलं मला वाचता येत नाही, पण तुझे डोळे का लाल झालेत, ते सांग. तिनं मास्क वर ओढला. सायली दातओठ खाऊन म्हणाली, आजोबा, तमाशा नको यार, बाहेर बसा. बसतो म्हटलं, पण ऐक, या वासापायी तुझी आजी मला उंबरा ओलांडू देत नव्हती, आणि तू तो डोक्याला फासून पाटावर बसणार?

सायलीनं पर्स उचलली आणि निघाली. घरी दोन दिवस जेवण माझ्यापुढे आपटत होती. तिसऱ्या दिवशी जळका भाग कापून आली, केस जेमतेम मानेपर्यंत. साखरपुड्याला होणारी सासू म्हणाली, अगं, केस कुठे गेले? ही म्हणते, येतायत, जरा थांबा.

आता शनिवारी स्वतःच वाटी घेऊन माझ्यापुढे बसते. तेल खवट झालंय की काय ते ती हुंगून सांगते, लावतो मी. इस्त्री माळ्यावर टाकलीय, मीच टाकली. मुळाशी बोटभर नवे केस आलेत, कुरळे, अगदी तिच्या आजीसारखे. बायकोनं हे हात कधी केसांना लावू दिले नाहीत, किती घासून धुतले तरी नाही. सायली लावू देते. गुंता लागला तर आजोबा हळू म्हणते, मी हळू सोडवतो. सुखी राहू दे पोर, आणि डोक्यावर केस राहू देत तिच्या.