बोटभर तिरकं

विश्रांतवाडीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे सासरे आणि त्यांची सून नंबराची वाट पाहत बसले होते.

“अप्पा, पाय हलवू नका. अख्खा बाक हलतोय.”

“घड्याळाची चाकं काल पुन्हा रॉकेलनं धुतली. तेल दिलं. तरी लंबक पाच मिनिटं हलतो आणि थांबतो.”

“डॉक्टरांना झोपेचं सांगा, घड्याळाचं नको.”

“टोले ऐकल्याशिवाय झोप कशी येईल? आमच्या लग्नानंतर असंच बंद पडलं होतं. एका दुपारात दुरुस्त केलं मी. तुझी सासू गेली आणि त्याच महिन्यात पुन्हा बंद.”

“आईंचं त्यात काय? त्यांना तर ते सरळ टांगताही यायचं नाही.”

“म्हणजे?”

“कायम डावीकडे बोटभर तिरकं. तेराव्याला माणसं येणार म्हणून मी सरळ केलं.”

“अगं, तिरकं होतं म्हणूनच चालत होतं ते. ऊठ, घरी चल.”

“नंबर आलाय आपला, अप्पा.”

“म्हणजे तेव्हाही मी दुरुस्त केलंच नव्हतं.”

“काय माहीत. आई तर येईल त्याला सांगायच्या, आमच्या ह्यांनी घरच्या घरी दुरुस्त केलं म्हणून.”