गंजक्या फाटकाचे चाहते आणि माझा तिळगूळ

...आणि वर मलाच विचारतात, "तुमचं आवडतं गाणं कोणतं?" अहो, सत्तरी उलटलेल्या माणसाला हे विचारायचं? तेही माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, मीच वळलेला तिळगूळ गालात धरून! तुम्हाला सांगतो, मला सहसा राग येत नाही. पण आला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. दोन हजार अकरा साली आम्ही न्यूझीलंडात, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला राहायला आलो, म्हणजे मुलगा धैर्यशील, सून मृदुला, नात इरा आणि मी. शेजारच्या गॅरेजमध्ये चार पोरं ड्रम बडवायची. बँडचं नाव काय, तर रस्टी गेट. म्हणजे गंजकं फाटक! अहो, गंजकं फाटक निदान उघडता-मिटतानाच ओरडतं, हे तर दुपारभर! पण इरा वेडावली. बारा वर्षांची पोर, तिनं फेसबुकावर त्यांच्या चाहत्यांचा ग्रुप काढला. ग्रुपात कोण? इरा, ड्रमवाल्याची आई, मृदुला, आणि घोळका दिसावा म्हणून मी!

मग त्या पोरांचं नशीब उघडलं, रेडिओवर लागायला लागली, आणि उत्तरेच्या पापाटोएटोपासून दक्षिणेच्या रिकार्टनपर्यंत हजारोंनी माणसं ग्रुपात शिरली. शिरू देत! पण पुढे गाणारा पोरगा बँड सोडून गेला, त्याच्या जागी एक मुलगी आली, आणि ग्रुपात जे पेटलं... जुनेवाले म्हणतात, तो गेला म्हणजे बँड संपला. नवेवाले म्हणतात, आता कुठे सुरू झाला. अहो, गाणारा बदलला, कुणाच्या घरातलं माणूस गेलं का? पण शिव्या बघाल तर बांधावरून डोकी फुटावीत तशा!

त्यात सतरा साली इरा क्राइस्टचर्चला युनिव्हर्सिटीत गेली आणि ग्रुपची किल्ली माझ्या हातात! मी म्हटलं, "अगं, मी शाळेची पायरी चढलेलो नाही, मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणते, "आजोबा, यू आर परफेक्ट! तुम्हाला ते आवडतच नाहीत, सो यू वोन्ट टेक साइड्स. कुणी आलं की निळं बटण दाबायचं. फक्त ग्रुप तुटू देऊ नका हां, प्लीज." आता नात प्लीज म्हणाली की आजोबा काय करणार?

दाबत बसलो. दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही आमच्या घराची रीत. सगळ्यांना आत घेतलं. त्यात एक गॉगल विकणाराही आला. येईना का! बसेल कोपऱ्यात! आणि कुणी एवढं लांबलचक लिहिलंय म्हणजे कष्ट घेतलेत, म्हणून प्रत्येकाला अंगठा दाखवायचो. जुन्यांनाही अंगठा, नव्यांनाही अंगठा. तर जुने म्हणाले हा म्हातारा नव्यांचा, नवे म्हणाले जुन्यांचा! मृदुला पोळ्या लाटता लाटता वाचून दाखवायची, "बाबा, हा म्हणतोय अ‍ॅडमिन म्हणजे निव्वळ जोक आहे." कोण म्हणतोय? देवव्रत! पुण्याचा इंजिनिअर, पापाटोएटोला राहतो, जुन्यांचा म्होरक्या. मला सहसा राग येत नाही. पण आला!

पुढच्या जानेवारीत त्यानं धमकीच दिली. नव्यांना हाकला, नाहीतर आम्ही निम्मी माणसं घेऊन वेगळं दुकान थाटतो. नव्यांची पुढारी टॅमसिन, रिकार्टनची, तिचीही तीच धमकी उलट्या बाजूनं. इरा सुट्टीत चेऱ्या तोडायला पार दक्षिणेला, फोनला रेंज नाही. आता हिला परत आल्यावर दाखवू काय? दोन तुकडे?

तेवढ्यात कळलं, संक्रांतीच्याच दिवशी वेलिंग्टनला त्या फाटकाचा कार्यक्रम आहे, दोघंही येणार. म्हटलं, सुचलं! आमच्याकडे वर्षभर भांडलेल्या जावासुद्धा संक्रांतीला एकमेकींच्या हातावर तिळगूळ ठेवतात. मागचं पोटात ठेवून का होईना, पण ठेवतात. मृदुलाकडून निरोप लिहून घेतला, या घरी.

आले! इथे जानेवारीत भर उन्हाळा, टॅमसिन जँडल्स, म्हणजे रबरी चपला फटफटवत, "किया ओरा, ग्रँडपा!" हा इथला माओरी नमस्कार. आणि तो देवव्रत, ग्रुपात मला जोक म्हणणारा, दारातच वाकून, "आजोबा, नमस्कार करतो!" मी दोघांना समोरासमोर बसवलं, म्हटलं, एकमेकांना भरवा आणि गोड बोला. भरवलं हो! पण माझा गुळाचा पाक जरा पुढे गेला होता, लाडवांचे झाले दगड, दोघांचे जबडे अडकले, बोलता येईना. ग्रुपच्या उभ्या इतिहासात पहिल्यांदा शांतता! मी मनात म्हटलं, जमलं.

कसलं जमलं! लाडू थोडा विरघळला आणि देवव्रतनं तोंड उघडलं. "आजोबा, रागावू नका हं, सहज विचारतो, तुमचं आवडतं गाणं कोणतं?"

खोटं कशाला बोलू? म्हटलं, "एकही नाही. सगळ्यांनी डोकं उठतं."

झालं! देवव्रतनं टॅमसिनकडे पाहिलं, टॅमसिननं देवव्रतकडे. "ही इज नॉट इव्हन अ फॅन!" देवव्रतनं तिला सांगितलं. "एक्झॅक्टली! अ‍ॅट लीस्ट यू आर अ फॅन, मेट!" टॅमसिन म्हणाली. आणि तुम्हाला सांगतो, एवढे दिवस एकमेकांचं तोंड न पाहणारे ते दोघं खांद्याला खांदा लावून माझ्या फोनवर वाकले. "आजोबा, इथे दाबा." दाबलं. "आता इथे." तेही दाबलं. निळं दिसलं की दाबायचं, हेच तर शिकलो होतो! दोघं अ‍ॅडमिन झाले, मी गेलो बाहेर. "स्वीट अ‍ॅज!", म्हणजे झकास, असं म्हणत उरलेले लाडू डब्यात भरून कार्यक्रमाला निघून गेले, एकाच गाडीत! गॉगलवाला आत आहे हो अजून, मी बाहेर! मला सहसा राग येत नाही...

दुसऱ्या दिवशी रेंज मिळताच इराचा फोन. "आजोबा! ग्रुप तुटला नाही! सगळे एकत्र आलेत! हाऊ डिड यू डू इट?"

काय सांगणार? म्हटलं, "काही नाही गं बाळा. दोघांना मिळून हाकलायला एक माणूस हवा होता. मी घरी रिकामाच होतो."