रहमतला आणायला गेलेली टीम

पावर हाउसच्या बस थांब्यावर आनंदराव दुर्गला जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. रांगेत पुढे प्लांटचे दोन फिटर आपल्या फुटबॉल क्लबबद्दल बोलत होते.

"दंग्याच्या भीतीनं रहमत गोलकीपर घरीच बसला होता ना?"

"मंग अख्खी टीम जर्सी घालून त्याले आणाले गेली. बजारातून त्याले मधात घेऊन निघाली."

"कोणी अडवलं नाही?"

"अडवलं ना. समोर कप्तान दुबेचाच काका, हातात दगड घेऊन."

"मंग?"

"दुबे त्याच्या पाया पडला. म्हणे, काका, तुमी बी मॅचले चला."

"आला?"

"गोलच्या मागंच उभा होता. रहमतनं पेनल्टी अडवली, तं सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला. आज फायनल आहे."

दुर्गची बस आली. आनंदरावांनी ती जाऊ दिली.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "ग्राउंडकडे कोणती बस जाते?"