अडुसष्ट डिग्रीवर पास

हॅलो? … हां ताई, बोल. … येऊन राहिलं ऐकू, तू बोल. … नाही, घरी नाही. मदन महलला आहे, सर्व्हिस सेंटरमध्ये. मैत्रेयीचा लॅपटॉप घ्यायला आलो आम्ही मायलेकी. … हो, तोच, तुझ्या यशोधनने नागपुरात घेऊन दिलेला. गेमवाला. … अगं गेम खेळायला नाही, गेम बनवायला. किती वेळा सांगू तुला.

काय? … कोण म्हणालं मी तमाशा करून राहिली म्हणून? … इथून फोन गेला? … यशोधनच्या नंबरवर? अच्छा, बिल त्याच्या नावाचं आहे ना, म्हणून. … मग तो काय म्हणाला? … तू उचलला? आणि तो? … आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. शनिवारचं पण?

बरं, काय सांगितलं त्यांनी? … 'आंटीजी काउंटर छोड़ नहीं रही हैं.' खरंच सांगितलं. नाही सोडून राहिली मी. साडेअकरापासून बसली आहे. ओरडली नाही, काही नाही. लॅपटॉप समोर आहे, मैत्रेयी शेजारी आहे, माझी वही मांडीवर आहे. याला तमाशा म्हणतात का?

एक मिनिट ताई. भैया, उसको हाथ मत लगाइए. टेस्ट चल रहा है. … हाँ, मुझे मालूम है लंच का टाइम है. आप खा के आइए, हम कहीं नहीं जा रहे.

हां, बोल. … काय झालं म्हणजे? तेच झालं जे जूनपासून होऊन राहिलं. त्या लॅपटॉपमध्ये चित्रं काढणारं एक कार्ड असतं, ते तापते. सत्त्याऐंशी डिग्रीला पोचलं की जीव वाचवायला आपोआप ढिलं पडते, मग चित्र अडकत अडकत चालते. पहिल्यांदा दिला तर यांनी पंखे साफ करून परत केला. दुसऱ्यांदा कार्डावरचा उष्णता ओढणारा लेप बदलला. आता तिसऱ्यांदा नऊ दिवस ठेवून घेतला.

हो, हो… अगं ऐक ना. म्हणतात ना दुरुस्त झाला. आल्या आल्या दाखवलं मला त्या पोराने, अनुपम नाव आहे त्याचं, चांगला आहे बिचारा. 'देखिए मैडम, अड़सठ डिग्री.' मैत्रेयी तर खूश, पिशवीत घालायला निघाली. मी म्हटलं, थांब. अडुसष्टवर बसून राहिला ते ठीक. काम किती करून राहिला ते दाखवा.

… काहून म्हणजे? एकतीस वर्षं मी फॅक्टरीत तपासणीला होती ताई. एकच आकडा दाखवून माल पुढे सरकवणारे मी कमी पाहिले का. दुसरी खिडकी उघडायला लावली मैत्रेयीला. ते कार्ड एकशेचाळीस वॅटचं आहे, डब्यावर छापलं आहे. आता घेऊन राहिलं सत्तर. म्हणजे कळलं का? यांनी तापणं नाही दुरुस्त केलं, आतून कार्डाची वीजच अर्धी केली. कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बारीक करून ठेवायचा आणि सांगायचं, घ्या, कुकर दुरुस्त झाला. डाळ शिजली का ते बघायचंच नाही.

… तू हसू नको. मी हसली नाही.

… खोळ? कोण म्हणालं तुला खोळीचं? … तेही सांगितलं त्यांनी. हो, शिवली होती मी खोळ. जुन्या गोधडीची, आत कापूस भरून, धूळ जाऊ नये म्हणून. चालू लॅपटॉप मैत्रेयी त्यातच ठेवायची, अकरा दिवस ठेवला. चूक माझी. पहिल्या तक्रारीतच मी माझ्या हाताने लिहून दिलं तसं. … काहून लिहिलं म्हणजे? झालं होतं म्हणून लिहिलं. आणि खाली हेही लिहिलं की खोळीत चार मिनिटांत सत्त्याऐंशी आणि खोळ काढून, पाटावर ठेवून, पंखा लावून सात मिनिटांत सत्त्याऐंशी. मग खोळीने काय केलं? तीन मिनिटं खाल्ली. आणि तू नको बोलू खोळीचं, तुझ्या घरी रिमोटला झबलं आहे प्लास्टिकचं.

मैत्रेयी, दहा मिनिटं झाली. सांग. … अडुसष्ट. वॅट? … एकाहत्तर. चित्राला किती लागले? … नऊ मिनिटं. बरं, लिहिलं.

हां ताई. … नाही, ती नाही थकली. लाज वाटून राहिली तिला माझी. मघापासून बाही ओढते, 'मम्मी, चलो ना.' वाटू दे. लाजेने कोणी मरत नाही.

… घेऊन जा म्हणते? जसा आहे तसा? ताई, तू गुणाकार कर माझ्यासोबत. सोमवारी दुपारी बारापर्यंत तिला तो किल्ला पाठवायचा आहे पुण्याच्या गेम कंपनीला. … हो, मदन महलचाच किल्ला, तो दगडावरचा. तिने कॉम्प्युटरमध्ये अख्खा उभा केला, पायऱ्यांसकट. ती तिथली परीक्षा आहे. आवडला तर नोकरी, नाही तर दुसऱ्या कोणाला. तीनशे वीस चित्रं काढायची आहेत. लॅपटॉप नवा होता तेव्हा एका चित्राला चार मिनिटं लागत होती. म्हणजे एकवीस तास, चल बावीस धर. आता नऊ मिनिटांनी किती होतात? … अठ्ठेचाळीस तास. आणि आता पावणेएक वाजला. बाकी किती उरले? … सत्तेचाळीस. तेही वीज गेली नाही तर. अधारतालला आमच्याकडे रोज जाते.

म्हणून म्हणते. यांच्याच वॉरंटीच्या कागदावर छापलं आहे, तीन दुरुस्त्यांनंतर तोच दोष राहिला तर मशीन बदलून देऊ. आणि त्याच मॉडेलचा डबा मागच्या कपाटात ठेवला आहे, मला इथून दिसून राहिला. आज दिला तर पोरगी सोमवारी किल्ला पाठवते. नाही दिला तर पाच महिन्यांची मेहनत पाण्यात. मग मी काहून उठू?

… बँकेच्या परीक्षेला बसव? तिचं डोकं बँकेत नाही ताई, आणि हे आपण दिवाळीत बोललो. … मोठ्या कंपनीशी कोण भांडते म्हणजे? मी भांडते. … अगं, पण तू इतकी हळू काहून बोलून राहिली? … यशोधनला ऐकू जाईल? मग जाऊ दे ना, त्याच्याच बिलाचं काम आहे. उलट त्याला सांगून ठेव, यांचा ओटीपी येईल त्याच्या फोनवर. तो द्यायचा नाही. तो दिला की तक्रार बंद. बंद झाली की त्यांच्या कागदावर 'दोष दूर झाला' असं होते, मग तिसरी दुरुस्ती फसली असं धरतच नाहीत.

… हॅलो? ताई? … आहेस ना? मला वाटलं कटला.

एक मिनिट, तो अनुपम आला. हाँ भैया, बोलिए. … क्या? … कौन-सी शिकायत? हमारी? … बंद हो गई? ऐसे कैसे बंद हो गई, हम तो यहीं बैठे हैं. … कब? … ओटीपी किसने दिया? … रजिस्टर्ड नंबर से.

ताई.

ओटीपी कोणी दिला?

… ताई, मी यशोधनला फोन लावू का?

… तू दिला.

… नाही, रडू नको. रडू नको आधी, सांग. कधी दिला? … सकाळी तो आंघोळीला गेला होता, तेव्हाही फोन वाजला, तू उचलला. … फोनवाला मराठीत बोलला? 'मावशी' म्हणाला? अच्छा. … 'तुमच्या बहिणीचं काम अडून राहिलं, नंबर सांगा म्हणजे लवकर होते.' … आणि तू सांगितला. … म्हणून मघापासून 'घेऊन जा, घेऊन जा' लावलं होतं तू. मला वाटलं, ताईला आज कंपनीचा इतका पुळका कुठून आला.

… हो, आला राग. खूप आला. तुझ्या मैत्रेयीचं वर्ष जाते की राहते अशी वेळ आहे, आणि तू मावशी म्हटल्याबरोबर विरघळली. राग नाही येणार का? पण तो मी दिवाळीला काढेन, समोर बसून. आता मला एक सांग. किती वाजले होते?

… अंदाजे नाही पाहिजे. त्याचा फोन आहे का हातात? … मग तो मेसेज काढ. … चष्मा लाव आधी. … हं, वाच. … इंग्रजीच राहणार, एक एक अक्षर वाच, मला समजते. … वेळ काय आहे वर? … दहा पंचेचाळीस. नक्की? … बरं. पुढे? … थांब, परत वाच. हळू.

'ग्राहकाने मशीन तपासली आणि समाधानाने ताब्यात घेतली.'

असंच आहे? … मैत्रेयी, आपण इथे किती वाजता आलो? … साडेअकरा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं ना तू? … लिहिलं. शाबास.

ताई, तू नाक पूस आणि ऐक. दहा पंचेचाळीसला मी घरी भाजी चिरून राहिली होती. तू नागपुरात. लॅपटॉप इथे, यांच्या कपाटात. मग तपासला कोणी? कोणीच नाही. फॅक्टरीत याहून मोठा गुन्हा नव्हता गं. माल खराब निघाला तर एक वेळ माफ करत, पण न बघता पास केला तर घरी पाठवत. ज्याने बनवला त्यानेच पास केला, आणि ग्राहकाचं नाव पुढे केलं. तुझ्या त्या ओटीपीने आपली तक्रार नाही बंद झाली, यांचं तोंड बंद होते आता. फक्त तू सांगितलं पाहिजे.

… फोनवर नाही. लिहून दे. … हो, तूच. यशोधनला काय माहीत, तो आंघोळीला होता. … कागद घे एक. कोणताही. … हसतील ते? हसू दे. … सून काय म्हणेल?

… ताई, ऐक माझं. मला समजते तुला कशाची भीती आहे. मुलगा-सून म्हणतील, आईला आता काही समजत नाही, आईच्या हातात फोन देऊ नका. हेच ना? … लपवलं तर नक्की म्हणतील. आज ना उद्या यशोधनला मेसेज दिसेलच. तू आधी लिहून त्याच्यासमोर ठेव. सही असलेल्या माणसाला कोणी वेडं नाही म्हणत. मी खोळीचं लिहून दिलं तेव्हा माझं काय कमी झालं?

… घेतला कागद? बरं, लिही. मी, हेमलता, पूर्ण नाव लिही, आडनावासकट. आज शनिवारी सकाळी दहा पंचेचाळीसला, माझ्या मुलाच्या फोनवर आलेला नंबर, फोन करणाऱ्याच्या सांगण्यावरून त्याला सांगितला. … सांगितला. … त्या वेळी मी किंवा माझी बहीण प्रतिमा, आम्ही कोणीही मशीन पाहिली नव्हती. … हं. … मला सांगण्यात आलं की नंबर दिल्याने काम लवकर होईल. तक्रार बंद होते हे मला सांगितलं नाही. … बस. 'क्षमस्व' नको लिहू. तू कोणाची माफी मागून राहिली? … खोड ते.

खाली सही. मराठीतच कर, जशी पोस्टात करते तशी.

… स्क्रीनशॉट नाही येत तर तुझ्या फोनने त्याच्या फोनचा फोटो काढ. आणि या कागदाचा पण. दोन्ही पाठव मला. … फोन ठेवल्यावर गं, आता कशी काढशील.

थांब. … भैया, सुन लिया ना आपने? मराठी समझते हैं आप? … थोड़ी-थोड़ी. बहुत है. अभी नागपुर से दो फोटो आ रहे हैं. आप नई शिकायत लिखिए. पहली लाइन में लिखिए कि मशीन ग्राहक को दिखाने से पहले पास की गई. … नहीं, आपका नाम नहीं लिख रही हूँ मैं. आपने तो अड़सठ दिखाया, किसी ने दिखाने को कहा होगा. … ऊपर पूछना पड़ेगा? पूछिए. आप नौ दिन रखते हैं तो मैं भी शाम तक बैठ सकती हूँ.

… काय गं मैत्रेयी? … नाही, तू घरी जाऊ नको. … काय म्हणालीस? … बरं. कर.

ताई, ऐकलं का? म्हणते, 'मम्मी, रीडिंग मैं लिखती हूँ, तुम बात करो.' वही घेतली तिने माझ्या हातातून.

… हो, आणि तो अनुपम गेला वर, विचारायला. पळतच गेला. … मला काय माहीत काय होईल. देतील नाही तर नाही देतील. पण न दिलेला डबा मी यांना रोज दाखवायला येईन, सोमवारनंतर पण. पोरीची नोकरी गेली तर दुसरी मिळेल. समाधान झालं असं मात्र मी लिहून देणार नाही, आणि माझ्या बहिणीच्या नावाने तर नाहीच नाही.

… पुरे आता. मी नाही रागावली. … थोडी आहे, पण ती राहू दे.

… जिन्यावरून कोणी तरी उतरून राहिलं. टाय लावलेला आहे, मोठाच असेल. मागच्या कपाटाकडेच बघून राहिला येता येता. … नाही, मी काहून उठू? … मैत्रेयी, बस खाली. खुर्ची देऊ नको. त्यांची ते आणतील.

ठेवते ताई. तू फोटो काढ आधी.